मासा उलटायचा नाही

समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी बाईचा मुलगा बोटीवर होता, बाहेर शमालचा, म्हणजे आखातातला वादळी वारा घोंगावत होता आणि सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. तिच्या घरी चिनी नववर्षाचं जेवण चाललं होतं, त्याची वाटी आणि जेवायच्या काड्या मांडून ठेवल्या होत्या. ताटातल्या अख्ख्या माशाची वरची बाजू संपली म्हणून मी तो उलटवायला खाली चमचा सारला, तर त्या बाईने माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाढली.

"आजी, नो! फ्लिप नाही करायचा," माझी नात ओरडली. "मासा उलटला की बोट उलटते, असं म्हणतात त्या."

"मग खालचं खायचं कसं?"

बाईने काड्यांनी मधला काटा उचलून बाजूला ठेवला. झालं.

दुबईशेजारच्या या अख्ख्या अजमानात तिच्याएवढी हट्टी बाई नसेल. तिची नात तिला नायनाय म्हणते, म्हणजे आजी, म्हणून मीही नायनाय म्हणायचे. ती मला आजी म्हणायची. दोघी सत्तरीच्या, आणि एकमेकींच्या आज्या. बोलणं नातींमार्फत व्हायचं. ती चिनीत, तिची नात इंग्रजीत, माझी नात मराठीत. एवढं फिरून आलं तरी तिचं बोलणं धमकीसारखंच वाटायचं.

नववर्षाआधी त्यांचा चुलीवरचा देव स्वर्गात जाऊन घरातल्या चहाड्या सांगतो म्हणे. म्हणून ती त्याच्या चित्राच्या तोंडाला चिकट पाक फासायची. मी म्हटलं, "थोडा ठेव, आमच्या सुनेला लावते." नातीने हे नायनायला सांगितलं नाही, आईला मात्र सांगितलं. उन्हाळ्यात तिचा पानात बांधलेला भात यायचा, आत मांस आणि खारवलेलं अंडं. मी तिला पातोळ्या दिल्या. पान उघडून तिने आत पाहिलं, नुसतं गूळखोबरं. माझ्या घरात मांसाला पैसे नाहीत असं समजून तिने आठवडाभर आम्हाला जेवण पाठवलं. पौर्णिमेच्या सणाला जड गोड केक कापायची आणि बोटीवरच्या मुलाचा तुकडा राखून ठेवायची. तो येईपर्यंत तुकड्याचा दगड व्हायचा. समोर बसून त्याला चावायला लावायची.

त्या दिवशी मासा निम्मा असताना दार वाजलं. मुलगा आला, ओल्या बुटांसकट. हिने त्याला जवळबिवळ घेतलं नाही. बुटांवरून ओरडली आणि वाटी पुढे सरकवली.

"बघ आजी, मासा उलटला नाही म्हणून!" नात म्हणाली.

"वारा पडला म्हणून. आणि मनगट मोडायचं काय कारण होतं? विचार तिला."

प्रश्न दोन्ही नातींमधून गेला. उत्तर तसंच फिरून आलं. मुलाने खाणं थांबवलं. उरलेला मासा तिने झाकून ठेवला; तो संपवायचा नसतो, पुढच्या वर्षाला उरला पाहिजे म्हणे. आमच्याकडे पानात टाकलं तर पाठीत धपाटा बसायचा.

मागच्या वर्षी नायनाय कायमची गावी गेली. समोर आता एक जोडपं राहतं. हाय म्हणतात आणि दार लावतात. मी पापलेट वाफवलं की काटा वरूनच उचलते. माझा विश्वास नाही. तरी उचलते.

त्या दिवशी मनगटाच्या प्रश्नाला उत्तर असं आलं होतं. ती लहान असताना त्यांची मासेमारीची होडी उलटली. होडीत आईबाप होते, भाऊ होते, ती होती. वाचली ती एकटी.