डॉक्टर देवपुजारी आणि मरीमायच्या कोंबड्या

ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडरकी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. कोट झटकला की दोन-चार पडतातच! बैलांचे वेगळे, घोड्यांचे वेगळे. पण कोंबड्यांचे आठवले की मी आजही कानाला हात लावतो. कारण तेव्हा अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर देवपुजारी होते. टेंपररी.

हा टेंपररी शब्द ध्यानात ठेवा. सारा घोळ त्याचाच आहे. अमरावतीच्या भिक्षुकाघरचा हा मुलगा. वडिलांनी निक्षून सांगितलेलं, "नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं घरी ये आणि पूजा सांगायला बस." डॉक्टरांना त्या पूजेची एवढी धास्ती की कुठं घंटा वाजली तरी दचकत! नागपूरहून इंग्रज साहेब येणार, काम बघणार आणि मगच सही करणार होते. काम कोणतं? तर कोंबड्यांच्या पोटातले जंत! जवळच्या एका खेड्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या वाळत चालल्या होत्या. पंख पडलेले, तुरे पांढरे. त्या बऱ्या करून दाखवायच्या.

"कंपाउंडर, कोंबड्या मेल्या तर मी मेलो," डॉक्टर रोज म्हणायचे. मी धीर द्यायचो खरा, पण गावात शिरलो की आधी जिवंत कोंबड्या मोजायचो.

*

आधी विष्ठा तपासायची होती. खुराड्यातली कोंबडी असती तर सोपं होतं. इथं कोंबडी सकाळी निघते ती गावभर हिंडते! कोणती कुणाची, हे तिलाच माहीत.

डॉक्टर हातात रिकामी काडेपेटी घेऊन एका आजारी कोंबडीच्या मागे लागले. ती उकिरड्यावर, हे उकिरड्यावर. ती कुडाखालून, हे कुडावरून. नजर सारखी तिच्या शेपटीवर. शेवटी ती सगुणाबाईच्या न्हाणीत शिरली. डॉक्टरही शिरले!

सगुणाबाई म्हणजे त्या गावची तोफ. भाजीच्या मळ्यात राबणारी, आवाज असा की अर्ध्या गावाला ऐकू जावा. ती पाय धूत बसली होती. तिनं तांब्या उगारला. "काहून आले इथं? कोंबडीच्या मागं हाय का माह्या मागं?"

डॉक्टरांनी घाबरून काडेपेटी पुढं केली. "बाई, फक्त थोडी विष्ठा पाहिजे होती!"

त्यानंतर ते मला मारुतीच्या पारामागे लपलेले सापडले.

*

दुसरी भानगड आईची. डॉक्टरांनी घरी एवढंच सांगितलं होतं की मी गाईंचा डॉक्टर आहे. सोवळं घर ते, कोंबडीचं नाव कोण काढणार!

एके दिवशी मेलेली कोंबडी फाडली. आतडं पांढऱ्या जंतांनी गच्च भरलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी शेवया हो!"

हात धुऊन आम्ही डॉक्टरांच्या क्वार्टरवर गेलो, तर दारात आई. अमरावतीहून आल्या होत्या. पुढ्यात डबा. "तुझ्यासाठी मुद्दाम शेवयांची खीर आणली रे!"

डॉक्टरांचा चेहरा खिरीपेक्षा पांढरा पडला. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर नोकरीच संपली! त्यांनी डोळे मिटले आणि वाटी एका दमात संपवली.

आईंचे डोळे भरून आले. "किती उपाशी ठेवलंय रे माझ्या लेकराला!" म्हणत त्यांनी पुन्हा काठोकाठ वाटी भरली. मी तिथून पळ काढला, कारण पुढची वाटी माझी होती.

*

औषध उपाशीपोटी द्यायचं असतं. पोट भरलेलं असलं की गुण येत नाही. डॉक्टरांनी सगळ्या बायांना पारावर जमवून बजावलं, "कोंबड्यांना उपास पाहिजे. विसरू नका, उपास!"

सकाळी पाहतो तर कोंबड्यांचे गळे टम्म फुगलेले. डॉक्टर मटकन खाली बसले. "सगुणाबाई, उपास सांगितला होता ना?"

"मंग उपासच हाय की! ज्वारीचा दाणा नाई देला. भगर शिजवून टाकली. थे तर उपासाले चालते ना?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "बाई, निरंकार उपास म्हणायचं होतं त्यांना."

"मंग तसं सांगाव ना! आमी रताळीबी उकडली होती."

*

अखेर औषध पोटात गेलं. पण औषध दिलेली ओळखायची कशी? मेंढ्यांना खूण करायचा तांबडा रंग दवाखान्यात होता. डॉक्टरांनी एकेकीच्या डोक्यावर ठसठशीत टिळा ओढला.

चार-आठ दिवसांनी जाऊन बघतो तर कोंबड्या तरतरीत, तुरे लालभडक. पण रंगावर हळदकुंकू! कोंबडी चुलीजवळ आली तरी कुणी हाकलत नव्हतं. उलट बाया हात जोडत होत्या. सगुणाबाईनं हळूच विचारलं, "डाक्टरसायेब, या मरीमायले सोडल्या ना तुमी? म्हून त बऱ्या झाल्या!"

डॉक्टर खूश. "राहू द्या हो, कंपाउंडर. देवीच्या म्हटल्यावर साहेब येईपर्यंत एकही कापली जाणार नाही."

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

*

साहेब आले. कोंबड्या पाहिल्या, मान हलवली. मग म्हणाले, "दिसण्यावर मी सही करत नाही. एक उघडून दाखवा."

सगुणाबाईनं आपली लाडकी कोंबडी, राणी, छातीशी धरली. "देवीची हाय! तिले इचारल्याबिगर सुरी लागणार नाई."

डॉक्टर रडकुंडीला आले. "मग विचारणार कोण?"

"तुमीच! देवपुजारी ना तुमी? आडनावातच हाय!"

ज्या पूजेला भिऊन हा माणूस अमरावतीहून पळाला, ती पूजा मरीमायच्या ओट्यावर त्याच्यापुढं येऊन बसली! रीत साधी होती. कोंबडीच्या डोक्यावर पाणी सोडायचं. तिनं अंग झटकलं, थरथरली, तर देवीनं घेतली. मग कापा. नाही थरथरली, तर हात लावायचा नाही.

डॉक्टरांनी पाणी सोडलं. राणी ढिम्म. साहेबांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा पाणी सोडलं. उन्हाचे दिवस होते, राणीनं सुखानं डोळे मिटले!

इकडं डॉक्टरांच्या हातातला तांब्या खडखडायला लागला. पाणी कोटावर, बुटांवर. गुडघे, खांदे, हनुवटी, सगळंच लटलट कापत होतं.

आणि सगुणाबाई ओरडली, "वं माय! कोंबडी कुठी थरथरली? डाक्टर थरथरून राह्यले! मरीमायनं डाक्टरलेच घेतलं!"

बाया धडाधड डॉक्टरांच्या पाया पडल्या.

साहेब माझ्याकडं वळले. "काय म्हणतेय ती?"

माझं इंग्रजी मलमाच्या बाटल्यांवरचं. जीव मुठीत धरून सांगितलं, "सर, ती म्हणते, देवीनं डॉक्टरांना ठेवून घेतलं. परमनंट."

साहेबांनी राणीकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं पाहिलं, आणि सावकाश खिशातून पेन काढलं.

"मग माझी सही कशाला हवी?"