मलिहाबादच्या शाळेतला कौतुकाचा शनिवार

लखनौला जायचं ठरलं ते एका शाळेमुळे. कबाबांमुळे ठरलं असतं तर तिकिटं मी आनंदानं काढली असती, पण यावेळी ती काढताना घरात वातावरण तंग होतं.

शोभा, म्हणजे माझी बायको, सांगली जिल्ह्यात बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत होती, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका. ती निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता दोघं निवांत बसू. मी वीज खात्यातून आधीच सुटलो होतो. पण तिचा धाकटा भाऊ अजित लखनौला संशोधक आहे. आंब्यावरच्या किडीचा त्याचा अभ्यास, त्यामुळे जवळच्या मलिहाबादच्या बागांमधून त्याची सारखी ये-जा. तिथल्या एका गावात बागेला लागूनच दोन खोल्यांची सरकारी शाळा आहे. आधीचे हेडमास्तर बदलून गेले आणि किरण नावाच्या शिक्षिकेच्या गळ्यात कारभार पडला. तिनं अजितला विचारलं, "सर, किसी को स्कूल चलाना आता हो तो बताइए, हमें तो बस पढ़ाना आता है." अजितनं आपल्या अक्काचा नंबर देऊन टाकला.

तेव्हापासून दर आठवड्याला आमच्या मिरजेच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल. शोभाची हिंदी मिरजेची, किरणची अवधी वळणाची. मी चहा ठेवता ठेवता ऐकायचो आणि दोघींना एकमेकींचं नेमकं किती कळतंय याचा अंदाज बांधायचो.

शोभानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, हजेरी खरी मांड. पटावर बेचाळीस मुलं आणि कागदावर रोज चाळीस हजर, वर्गात मात्र वीस-बावीस, असं वर्षानुवर्षं चाललेलं. "पहले सच्चा आकडा लिखो, फिर उसकू बढ़ाओ," ही म्हणाली. किरणनं ऐकलं. आणि जानेवारीत खंड शिक्षा अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, कचेरीतून पत्र आलं: उपस्थिती कमी, शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याच्या यादीत. आकडे आठ दिवसांत पुन्हा तपासून पाठवा. 'तपासून' म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी नोकरी केलीय त्याला सांगायला नको. किरणनं तेच आकडे परत पाठवले आणि मग शोभाला कळवलं. म्हणाली, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी साहेब स्वतः शाळा बघायला येणार आहेत.

त्या दिवशी शोभा जेवली नाही. "माझ्यामुळे झालं," म्हणाली. "लांब बसून शहाणपणा शिकवणं सोपं असतं. पलीकडची शाळा हायवेच्या पलीकडे आहे, पहिली-दुसरीची पोरं तिथं कशी जातील?" मी तिकिटं काढली.

आता कामाचं. पुण्याहून लखनौला थेट गाडी आहे. एका दिवसाहून जास्त लागतो, तेव्हा दोन वेळचा डबा घरचाच बांधा. फेब्रुवारी अखेरीस सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो हातात घेऊन हिंडावं लागतं. चारबागला उतरलात की सामान थोडं असेल तर मेट्रो घ्या. आम्ही विश्वविद्यालय स्थानकाला उतरलो आणि तिथून ई-रिक्षानं अलीगंजला अजितच्या घरी गेलो. रिक्षावाल्यानं बॅगा स्वतः उचलून आत ठेवल्या आणि "आप तशरीफ़ रखिए" म्हणाला. वीज खात्यात पस्तीस वर्षांत मला कुणी तशरीफ रखिए म्हटलं नव्हतं.

अजितची मुलगी ईशा अकरावीत आहे. शोभा तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. "आत्या, समझ में सब आता है, बस मुँह से निकलता नहीं." अजितही आता अर्धा तिकडचाच झालाय. "अक्का, टेन्शन नको घेऊ यार, अच्छा होईल सगळं," असं त्यानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शोभानं त्याच्याकडे असं बघितलं की तो ताटात बघू लागला.

शुक्रवार मोकळा होता. सकाळी चौक नावाच्या जुन्या भागात जाऊन मलाई मक्खन खाल्लं. थंडीतच मिळतं, होळीच्या सुमारास बंद होतं, आणि उन्हं चढली की बसून जातं, तेव्हा आठच्या आत पोचा. दुधाचा नुसता फेस, वर केशर आणि पिस्ते. तोंडात घातल्यावर चावायला काहीच उरत नाही. द्रोण पन्नास रुपयांच्या आत मिळाला, मी दोन खाल्ले. दुपारी गलौटी कबाब झाले, त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण अजून डॉक्टरांना दाखवायला जायचंय. संध्याकाळी हज़रतगंजला गेलो. रुंद फुटपाथ, एकसारख्या पाट्या, जुन्या इमारती, हिंडायला छान. शोभा एका चिकनकारीच्या, म्हणजे तिकडच्या भरतकामाच्या, दुकानासमोर थांबली तेव्हा मी मनातल्या मनात पाकीट चाचपलं. पण ती काचेत बघून म्हणाली, "साहेबांनी उद्या 'नाही' लिहिलं तर किरणला कुठेतरी लांब टाकतील का हो?" साडी बघतच नव्हती ती. मला खरंच वाईट वाटलं आणि मी काहीतरी विनोद करणार होतो तो केला नाही.

शनिवारी अजितनं गाडी काढली. तुमच्याकडे गाडी नसेल तर दुबग्ग्याहून हरदोई रस्त्यानं बस आणि शेअर टेम्पो मिळतात. काकोरीपर्यंत गर्दी असते. ती ओलांडली की दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा सुरू होतात, आणि या दिवसांत सगळ्या मोहोरलेल्या. तिकडे मोहोराला बौर म्हणतात. खिडकी उघडी ठेवली तर वास गाडीभर होतो, फक्त फवारणी चालू असेल तिथे काच वर घ्या. दशहरी आंबा खायचा असेल तर मात्र जूनमध्ये या आणि शाळा बघायची असेल तर जूनमध्ये येऊ नका, सुट्टी असते.

शाळेचं फाटक निळं होतं आणि आत झाडलेलं अंगण. किरण धावत आली आणि शोभाच्या पायाशी वाकली. पस्तिशीची, सडसडीत, हातात खडू तसाच. दीड वर्ष एकमेकींना फक्त मोबाइलच्या चौकोनात बघितलेलं. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिल्या. मग शोभाची नजर वर्गाकडे गेली आणि ती ओठ हलवत मोजायला लागली. छत्तीस.

"आज साहेब येणार म्हणून बोलावलीस?" असं तिनं आपल्या हिंदीत विचारलं.

"नहीं दीदी, सनीचर को तो सब आते हैं. आज कौतुक है न," किरण म्हणाली.

शोभानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी खुर्ची नाकारली, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "जो चल रहा है, चलने दीजिए." मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात कुठल्या शाळेत बघितलेलं नाही. सोमवारपासून रोज हजर असलेल्या मुलांनी एकेक करून पुढे यायचं आणि घरून आणलेलं 'कौतुक' दाखवायचं. चौथीतल्या शबनमनं डोळ्यांवर ओढणी बांधून सुईत दोरा ओवला आणि कापडावर चिकनचा टाका घातला. तिच्या घरी आई आणि दोन्ही बहिणी तेच काम करतात. एकानं आंब्याचं कलम बांधून दाखवलं आणि "छुओ मत, अभी कच्चा है" म्हणून साहेबांनाच दटावलं. पोरं टाळ्या पिटत होती, ओरडत होती, पुढच्या शनिवारसाठी आपापला नंबर सांगत होती.

मग दुसरीतली एक चिमुरडी आली. नाव मुन्नी, नाकाला सर्दी. तिच्या हातात फवारणीच्या औषधाच्या खोक्याचा फाडलेला कागद. "हम पढ़ेंगे," तिनं जाहीर केलं. अक्षरावर बोट ठेवत, घसा ताणून वाचलं, "बच्चों की... पहुँच से... दूर रखें."

साहेब पहिल्यांदा हसले. वाकून म्हणाले, "पहुँच माने क्या?"

मुन्नीनं विचार केला. "जहाँ तक हम जा पाएँ."

"और तुम कहाँ तक जा पाती हो?"

"सड़क तक. सड़क के उस पार अम्मा मना करती हैं."

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो, कारण किरणचा चेहरा पांढरा पडला होता. साहेब सरळ उभे राहिले आणि त्यांनी हजेरीपट मागितला.

त्यांनी पानं उलटी चाळली, फेब्रुवारी, जानेवारी, मागे दिवाळी, मागे ऑगस्ट. शोभानं माझं मनगट धरलं होतं आणि ते चांगलंच दुखत होतं.

"ऑगस्ट में इक्कीस, आज छत्तीस," साहेब म्हणाले. "जहाँ पहले दिन से पूरी हाज़िरी लिखी है, वहाँ मैं बढ़त कैसे देखूँ? यहाँ कम से कम दिख तो रही है." मग त्यांनी विचारलं, "ये कौतुक किसने शुरू कराया?"

किरणनं अभिमानानं शोभाकडे हात केला. "दीदी ने. फ़ोन पर कहा था, बच्चों का कौतुक करो, रोज़ नहीं तो हफ़्ते में एक बार ज़रूर करो."

शोभाचं तोंड उघडं राहिलं. मला तिथेच उलगडा झाला आणि हसू आवरेना. आपण कौतुक म्हणजे पाठीवर हात फिरवून 'शाब्बास' म्हणणं समजतो. तिकडे कौतुक म्हणजे तमाशा, खेळ, बघणाऱ्याला नवल वाटेल असं काहीतरी. हिनं सांगितलं पोरांना शाबासकी दे, आणि तिनं दिवाळीपासून दर शनिवारी नवलाचा खेळ भरवला.

"अहो, मी असं काही सांगितलंच नव्हतं," शोभा माझ्या कानात म्हणाली.

"गप्प बस आणि मान डोलव," मी म्हणालो. तिनं डोलावली.

साहेब काही वचन न देता गेले, पण जाताना शबनमचं कापड पुन्हा एकदा हातात घेऊन बघितलं. आम्ही मुलांबरोबर व्हरांड्यात बसून भात आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी जेवलो. जेवताना शोभानं किरणला मराठीतला अर्थ सांगितला.

किरणचा घास हातात राहिला. "तो दीदी, हम इतने महीने ग़लत करते रहे?"

"ग़लत? मेरा वाला करती तो बाईस के पच्चीस होते," शोभा म्हणाली. "तुम तुम्हारा ही कौतुक करो." आणि तिनं किरणच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे आपलं कौतुकही केलं. परतताना गाडीत ती काकोरी यायच्या आत झोपली. दीड महिन्यात पहिल्यांदा मी तिला दिवसा झोपलेली बघितली आणि अजितला म्हटलं, सावकाश चालव.

रविवारी निघालो. येताना रेवड्या आणा, टिकतात. मक्खन आणायच्या भानगडीत पडू नका, मी विचारून बघितलं आणि दुकानदार बराच वेळ हसला.

मार्चच्या शेवटी यादी लागली. फोन आला तेव्हा मी गॅसजवळच होतो. आधी पलीकडून नुसता गलका, मग किरणचा रडका-हसरा आवाज: "दीदी, नाम नहीं है! अपना नाम नहीं है!" शोभा खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. माझेही भरले होते, पण माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. इतकं हलकं वाटलं की मी चहात साखर दोनदा घातली, आणि आम्ही दोघांनी तो पिऊन टाकला.

या प्रवासातून काय राहिलं विचाराल, तर आंब्याच्या मोहोराचा वास आणि खोक्याच्या कागदावरचं ते सर्दट वाचन. पण शोभाजवळ आणखी एक गोष्ट राहिली आणि तिच्या परवानगीनं ती इथे लिहितोय. सगळं आनंदानं बोलून झाल्यावर तिनं किरणला विचारलं होतं, "जानेवारी में वो चिट्ठी आयी, तो मेरेकू आठ दिन क्यूँ नहीं बताया?"

किरण पोरांच्या गलक्यातून बाजूला गेली.

"आप बुरा मत मानिएगा दीदी. हमें लगा आप हमारे लिए घबरा जाएँगी. कह देंगी कि इस बार रजिस्टर भर दो. आप कहतीं तो हम भर देते. इसलिए पहले भेज दिया, फिर बताया."

"नहीं नहीं," शोभा ठासून म्हणाली. "मैं ऐसा कभी नहीं बोलती. बत्तीस साल में नहीं बोली."

फोन ठेवला. मी कप विसळत होतो. ती खिडकीबाहेर बघत, माझ्याकडे न वळता म्हणाली,

"बरं झालं तिनं विचारलं नाही. मी 'भर' म्हणाले असते."