उपासाच्या दिवशी पाणी

आमच्या घरात मावशी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि तिच्याशी पटवून घ्यायचं नाही हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा साताऱ्यात शाळामास्तर. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तासगावकडच्या एका आमच्यासारख्याच ख्रिस्ती शेतकऱ्याच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. ती मला पोरी म्हणायची, मी तिला मावशी. त्याहून जास्त काही द्यायची माझी तयारी नव्हती.

आई एका तांबूस कुत्र्याला रोज भाकरी घालायची. ती गेल्यावर मी घालू लागले. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ते कुत्रं एकाएकी माझ्या अंगावर आलं. मावशी परसात धुणं धूत होती. ती धावत येऊन मध्ये पडली, आणि माझ्या मांडीत शिरायचे दात तिच्या हातात शिरले. शेजारचे पेन्शनर सुभेदारकाका काठी घेऊन आले. त्यांनी कसंबसं कुत्रं पकडून परसातल्या जांभळीला दोराने बांधलं.

डॉक्टर म्हणाले, "त्याला मारू नका. दहा दिवस नजरेखाली ठेवा. धड राहिलं तर ते पिसाळलेलं नाही, बाईंना धोका नाही. मेलं किंवा पळालं तर मात्र पोटात चौदा सुया. रोज एक."

तिसऱ्या दिवशी कुत्रं पाणी पीत होतं, मला बघून शेपटी हलवत होतं. आणि कुंपणापलीकडे सुभेदारकाका कुणाला तरी सांगत होते, "धा दिस कोन वाट बघतंय? उद्या सकाळी काठीनं निकाल लावतो." माझं डोकं फिरलं. आईचं कुत्रं होतं ते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी गाठ सोडली आणि ढेकळं मारून त्याला ओढ्यापलीकडे हाकललं. चौदा सुया माझ्या लक्षात नव्हत्या असं मी म्हणणार नाही. लक्षात होत्या. मी तो विचार बाजूला सारला.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा जांभळीला लोंबणाऱ्या दोराचं टोक तुटलेलं होतं, पार पिंजारलेलं. "चावून तोडला आन गेलं," मावशी म्हणाली. मी तर अख्खा दोर तसाच ठेवून आले होते. स्वयंपाकघरात गेले तर विळीच्या पात्याला दोराचे दोन धागे चिकटलेले. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती बोलत नव्हती. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सुया सुरू झाल्या. दवाखान्यात तिच्यासोबत मलाच जावं लागे. मी बाहेर बाकावर बसायची. ती पदर आवळत बाहेर यायची आणि म्हणायची, "काय न्हाई झालं. चल." पण रस्त्याने पोट धरून चालायची. सहाव्या-सातव्या सुईनंतर पोटावर अशा गाठी उठल्या की तिला धड वाकवेना. मला तिची कीव यायला हवी होती, पण यायचा तो रागच. कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? कुणी सांगितलं होतं दोर कापायला? आपल्यासाठी कुणी सोसलं की मन कृतज्ञतेने भरून येतं, असं उपदेशात सांगतात. माझा अनुभव असा की आधी चीड येते.

त्यातच सुभेदारकाकांनी त्यांच्या गावच्या, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एकाची हकिगत बाबांना ऐकवली. "सुया घिऊन बी दगावला, मास्तर. आधी पान्याला भ्याया लागला. तांब्या दिसला की थरथरायचा." बाबांनी मला आत पिटाळलं, पण मी ऐकायचं ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून मावशी पाणी प्यायला लागली की मी तिच्या गळ्याकडे टक लावून बघायची. घोट खाली उतरला की माझा जीव भांड्यात पडायचा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारावी सुई सकाळीच झाली. बारा ते तीन देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश असतो आणि आदल्या रात्रीपासून तोवर मोठी माणसं पाण्याचा थेंबही घेत नाहीत. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी डोक्यात एकच भुंगा: हिने कालपासून पाणी घेतलेलं नाही. दवाखान्यातून येताना पाणपोईपाशी तिने तोंड फिरवलं होतं. उपास म्हणून फिरवलं असेल. आणि तसं नसेल तर?

पाळकसाहेब पाचव्या उद्गारावर आले. हा उद्गार तहानेचा. मरणाऱ्याच्या कोरड्या जिभेविषयी ते सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होते. मी बायकांमध्ये बसलेल्या मावशीकडे पाहिलं. ओठ पांढरे पडलेले, हात गळ्याशी. मला बसवेना. लहान मुलांसाठी दाराशी माठ ठेवलेला असे. मी तांब्या भरला आणि भर उपदेशात तिच्यापुढे नेऊन धरला.

"पी."

पाळकसाहेब बोलायचे थांबले. मावशी कुजबुजली, "आगं, उपास हाय न्हवं? तीन वाजू दे."

"नाही. आत्ता. माझ्यासमोर." मी तांब्या असा पुढे रेटला की पाणी तिच्या पदरावर सांडलं. "दोर मी सोडला."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघता बघता मला कशाची धास्ती आहे ते तिला उमगलं. मंडळीत ती नवी होती. उपवासाचे चाळीस दिवस तिने काटेकोर पाळले होते. सगळं देऊळ माना वळवून बघत होतं, आणि त्या बाईने तांब्या वर करून घटाघटा रिकामा केला. शेवटी तो उपडा धरून मला दाखवला. मी तिथेच भोकाड पसरलं.

ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे मी तोवर पाढ्यासारखं म्हणत आले होते. पुढे बरेच उपदेश ऐकले, एकदोन स्वतःही केले. मला विचाराल तर शुक्रवारापेक्षा ईस्टर अवघड. ऐन वेळी ज्या शिष्यांनी पळ काढला त्यांच्याकडेच तो मरणातून उठून परत आला आणि त्याने कुणाला जाब विचारला नाही. मेलेल्याचे उपकार मानून मोकळं होता येतं, पण जिवंत परत आलेल्याच्या नजरेला नजर द्यावी लागते.

ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना झाली. आईच्या थडग्यावर मावशीने मोगरा वाहिला. तिथूनच आम्ही दोघी शेवटच्या सुईला गेलो. सुया संपल्या म्हणजे धोका संपला असं नव्हतं. डॉक्टरांनी महिनोन्‌महिने लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ती पुढे सत्तरी ओलांडेपर्यंत जगली, पण त्या सकाळी हे आम्हाला कुठे माहीत होतं? मी सवयीप्रमाणे बाकावर बसले. मावशी दारापर्यंत गेली आणि थांबली.

"पोरी, आज आत ये," ती म्हणाली. "माझा हात धर. पयल्या दिसापासनं मला लय भ्या वाटतंय."

मी उठले, आत गेले आणि तिचा हात धरला.