मागच्या वर्सीचं सागाचं पोतं

"हे पोतं फेका, माई. मेलेलं बी आहे," साहेब म्हणे.

मी पोत्यावर जाऊन बसली. म्हटलं, "फेका. पह्यले मले उठवा."

आमच्या झाडाच्या नर्सरीचे साहेब नवे, शिकेल, मनाचे चांगले. त्यायचं म्हननं खोटं नव्हतं. मागच्या वर्सी थेच सागाचं बी ताजं ताजं पेरलं, वाफे कोरे राह्यले. आता वरून ऑर्डर आली होती. औंदा रोप नाई निघालं तं नर्सरी बंद, आमी सात बाया घरी. नवरा गेला तवापासून मी याच मातीत बसून पोरगी वाढवली. घरी बसून काय करू?

"मेलं नाई जी, निजलं हाये," मी म्हटलं. सागाच्या बीचं कवच लाकडावानी टनक. ताजं असलं की आतला जीव निजून राह्यते. वर्सभर कोरडं ठेवलं की मंग जागाले तयार होते. म्हनून उरलेलं बी म्या विटाइवर ठेवलं होतं, ओल लागू देली नाई.

साहेब म्हणे, "बरं. दोन वाफे करा. एकात नवीन बी, एकात तुमचं. होऊन जाऊ द्या!"

दोन्ही बिया रातभर पान्यात, दिवसभर उन्हात. असं आठ दिवस. माह्यासंग कामाले असनारी शेवंता हासे, "माई, बी हाये का कुरडया वो? वाळवूनच राह्यली!"

पेरलं. रोज पानी मारलं. बारा दिवस झाले, काईच नाई. साहेब येत, वाफे पाहत अन् चालले जात.

तेराव्या दिवशी शेवंता वरडली, "माई, धाव वो! भुई फुटली!"

मी पान्याची झारी टाकून पळाली. या वयात! जुन्या बीच्या वाफ्यात मातीले तडे, तड्यातून हिरवे कोंब. इथं, तिथं, पाय ठेवाले जागा नाई! साहेब इस्त्रीच्या प्यांटीनं चिखलात गुडघे टेकून बसले. बाजूच्या वाफ्यात चारच कोंब होते.

"मग या नवीन पोत्याचं काय करू, माई?"

"विटाइवर ठेवा जी. मेलं म्हनून फेकू नका."

साहेबानं सोताच पोतं उचललं. शेवंता म्हणे, "पाठ सांभाळजा, साहेब!"

नर्सरी राह्यली. आमी सातही जनी राह्यलो.

निजेल बी अन् मेलेलं बी वरून सारखंच दिसते. एका वर्सात कोनाले मेलं म्हनू नये.