नव्या लांबडीचे मागचे दार

आमच्या नव्या गाडीविषयी ज्याला मत नाही असा एकही पुरुष त्या हिवाळ्यात धामणगाव बढ्यात मला भेटला नाही. जिचे मत कोणी विचारले नाही अशी व्यक्ती एकच होती, आणि ती रोज त्या गाडीत बसत होती. तीन वर्षांनंतरही ‘त्या मोटारीचा दोष मिस्त्रीने शोधला’ असे गावात सांगितले जाते. म्हणून जे घडले ते मी क्रमाने लिहिते आहे.

गाडी वडिलांनी भाजीपाल्याच्या व्यापारासाठी घेतली होती. कंपनीच्या कागदांवर तिला ‘इस्टेट’ म्हटले होते. पुढून ती साधी मोटार दिसे. मागे डिकीऐवजी छपराखालीच लांब मोकळी जागा होती आणि त्या जागेला मागून दार होते. गावाने तिचे नाव ‘लांबडी’ ठेवले. याच कंपनीची जुन्या घडणीची लांबडी आमच्याकडे सहा वर्षे होती. ती गावातल्या मिस्त्रीने विकत घेतली आणि आपल्या पत्र्याच्या गॅरेजसमोर उभी केली. नवी गाडी तेल-पाण्यासाठी तिच्या शेजारी जाऊन थांबली, की तुलना सुरू होई.

मी नुकतीच अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आले होते. दिवाळीनंतर मलकापूरच्या एका हायस्कुलात मला विज्ञान शिकवण्याची जागा मिळाली. माझा आराखडा स्पष्ट होता: दीड वर्ष शिकवायचे आणि मग नागपूरला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करायचे. मलकापुरात खोली घेऊन एकटीने राहायला घरून साफ नकार होता, आणि एस.टी. शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोहोचत असे. उरली लांबडी. ती सकाळी सातला भाजी घेऊन मलकापूरच्या बाजाराला जाई आणि संध्याकाळी रिकामी परत येई. वडील स्वतः चालवत. शेजारच्या सीटवर मी. गाडी राहिली तर नोकरी राहणार होती, आणि नोकरी राहिली तर नागपूर.

गॅरेजसमोरची सभा रविवारी भरे. पलटणीत ट्रक चालवून निवृत्त झालेले सुभेदार नव्या गाडीच्या बाजूचे. मिस्त्री, अर्थातच, जुनीच्या बाजूचा. मला चौथीला शिकवलेले गुरुजी दर रविवारी पक्ष बदलत.

“पहिले कसं तोंड होतं गाडीचं!” मिस्त्री म्हणे. “आता ही पुढची जाळी तं मिश्या काढलेल्या पाटलावानी दिसते. अन् मागचे दिवे पाहा, लिंबाएवढे होते, ते वांग्याएवढे केले.”

“दिवे मोठे हायत म्हणून मागचा लॉरीवाला तुले पाह्यते बे,” सुभेदार म्हणत. “तुह्या गाडीचे दिवे पाहाले कंदील लागते.”

खरा वाद मागच्या दाराचा होता. जुन्या गाडीचे दार दोन पल्ल्यांचे होते. काचेचा पल्ला वर उचलायचा, पत्र्याचा खाली पाडायचा. पाडलेल्या पल्ल्यावर दोन माणसे ऐसपैस बसत, मध्ये चहाचे कप ठेवत. कित्येक सोयरिकी त्या पल्ल्यावर ठरल्या, असे मिस्त्री सांगे. नव्या गाडीला एकच सलग दार होते आणि ते पूर्णपणे वर उचलले जाई.

“दार हाय का छप्पर?” मिस्त्री विचारी. “बसाव कुठं माणसानं?”

“छपराखाली उभं राह्य. सावली देते,” सुभेदार म्हणत.

“दोघाईचं बरोबर हाय,” असा गुरुजींचा निवाडा असे.

दोन पल्ल्यांच्या दारामुळे आमच्याकडे माल भरण्याची एक रीत पडली होती. खालचा पल्ला पाडून त्यावर वांग्यांच्या दोन टोपल्या बाहेर काढून ठेवायच्या, दोरीने आवळायच्या, आणि उघड्या तोंडावर ओल्या पोत्यांचा जाड पडदा घट्ट बांधायचा, म्हणजे कोथिंबीर-मेथी सुकत नसे. नव्या गाडीला पल्ला नव्हता, पण टोपल्या तेवढ्याच होत्या. वडिलांनी रीत सोडली नाही. त्यांनी दारालाच रीतीपुढे वाकवले. मागच्या दोन टोपल्या अर्ध्या बाहेर ठेवून ते दार त्यांच्यावर टेकवत आणि काथ्याच्या दोरीने बंपरला बांधत. दार आणि गाडी यांच्यामध्ये हातभर फट राही. पडदा बांधायला आता जागाच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात माझे डोके दुखू लागले. मलकापूर येईपर्यंत कपाळावर दगड ठेवल्यासारखे वाटे, मळमळे. वडिलांनाही जडपणा येई, पण ते बोलत नसत. मी बोलले, आणि ते गॅरेजवर पोहोचले.

“पोरीच्या जातीले मोटार लागतेच,” मिस्त्री म्हणाला. “अन् नव्या गाडीच्या रेक्झिनचा वास. जुनीत कई झालं होतं का असं?”

“गाडीत पुस्तक वाचते ना ती,” गुरुजी म्हणाले. “मी पाह्यलं.”

मी वाचत होते हे खरे. दुसऱ्या दिवसापासून वाचणे बंद केले. डोके दुखतच राहिले. म्हणजे पुस्तक निर्दोष होते.

तिसऱ्या आठवड्यात, मोताळ्याच्या अलीकडच्या एका वळणावर, गाडी वळलीच नाही. थंडी होती, काचा बंद होत्या. वडिलांचे हात चाकावर होते, डोळे उघडे होते, आणि गाडी सरळ बाभळीकडे निघाली होती. मी ओरडले, त्यांनी ब्रेक दाबला, आणि पुढचे डावे चाक रस्त्याकडेच्या चारीत उतरले. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. वडील दार उघडून बाहेर आले आणि मैलाच्या दगडावर बसून राहिले. त्यांचा चेहरा लालसर झाला होता. अर्ध्या तासात त्यांना बरे वाटू लागले.

“ही गाडी इकून टाकतो,” ते म्हणाले. “पनवती हाय. मिस्त्रीची जुनी वापस घेतो.”

“बाबा, जुनी आतून आखूड. तिच्यात पुढं माणसाले जागा कुठं राह्यते? पुढच्या सीटवरही टोपल्याच राहत.”

“तं तू घरी राह्य. अशी नोकरी काय कामाची, जीव जाईन.”

त्याच संध्याकाळी सुभेदारांनी खामगावचे एक गिऱ्हाईक गुरुवारी आणतो म्हणून सांगितले. जो माणूस दर रविवारी या गाडीची बाजू लढवत होता, त्यानेच. मला घरी बसवण्याचा निर्णय अशा रीतीने दोन वाक्यांत झाला, आणि त्याला आधार काय, तर पनवती. हे मला मान्य नव्हते. आधार असता तर मी विचार केला असता.

मी वहीत दोन रकाने आखले. सकाळ: माल भरलेला, दार अर्धे उघडे, डोके दुखते. संध्याकाळ: गाडी रिकामी, दार बंद, डोके दुखत नाही. त्या सगळ्या दिवसांत एकही अपवाद नव्हता. रेक्झिनचा वास कारण असता तर दार बंद असताना त्रास वाढायला हवा होता, आणि तेव्हाच तो नाहीसा होत होता. पोरीची जात कारण असती तर ती जात संध्याकाळी कुठे जात होती? मग मी कंदील घेऊन दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहिले. जुन्या गाडीच्या सायलेन्सरची नळी मागच्या चाकापुढे, बाजूला बाहेर पडत होती. नव्या घडणीत ती सरळ मागे आणली होती आणि तिचे तोंड बंपरखाली होते, बरोबर त्या हातभर फटीच्या खाली. दिव्यांवर, जाळीवर आणि सोयरिकींवर तीन आठवडे बोलणाऱ्यांपैकी एकानेही नळी कुठे गेली हे पाहिले नव्हते.

रविवारी मी गॅरेजवर गेले. त्या सभेत बाई जात नसे. मी गेले. बरोबर ताज्या वेचणीचा कापूस नेला होता. वडील चाकात हवा भरून घेत होते. त्यांच्यासमोरच मी सांगितले, की पेट्रोलचा धूर मागच्या फटीतून आत येतो, त्यातला विषारी वायू डोके जड करतो, आणि त्याला स्वतःचा वासही नसतो.

मिस्त्री मोठ्याने हसला. “ताई, गाडी पुढं चालली तं धूर मागंच जाईन ना! तो काय गाडीमागं धावत येईन?”

“मिस्त्रीकाका, धुळीच्या रस्त्यानं एस.टी. आली का तिच्या तोंडावर जास्त धूळ राह्यते का पाठीवर?”

तो थांबला. “पाठीवर.”

“मंग ती धूळ पाठीवर आली कशी? धूळही मागंच जाते ना?”

सुभेदारांनी विडी विझवली. “बोल पोरी, काय करू म्हणतं?”

नेहमीसारख्या टोपल्या भरल्या, दार अर्धे बांधले. फटीच्या आतल्या कडेला मी कापसाच्या लांब वाती चिकटवल्या. मिस्त्री आणि सुभेदार मागे टोपल्यांना टेकून बसले, काचा बंद केल्या, वडील चाकावर. गुरुजी, आपल्याला मोटार लागते, असे म्हणून खालीच राहिले.

“वातीवर नजर ठेवा,” मी म्हटले. “वाती बाहेर उडाल्या तं मी चूक. गाडी खुशाल इका.”

“अन् आत वळल्या तं?” मिस्त्रीने विचारले.

“तं वातीले जे आत आणते तेच धुराले आणते.”

वडिलांनी गाडी सुरू केली. मी पुढच्या सीटवरून मागे वळून पाहत होते, आणि खरे सांगायचे तर मला खात्री नव्हती, कारण पुस्तकातली हवा आणि रस्त्यावरची हवा एकाच मताची असेलच असे नाही. वेग वाढला. वाती एकेक करून उचलल्या गेल्या आणि सगळ्या आत वळल्या, थेट आमच्याकडे, जणू कोणी त्यांना नाकाने ओढत होते. मिस्त्रीने एक वात चिमटीत धरून बाहेर लोटली. सोडताच ती परत आत आली. त्याने पुन्हा लोटली.

“हे उलटं काऊन होऊन राह्यलं बे?” तो पुटपुटला. हे त्याने वातीला विचारले, मला नाही.

मैलभर जाऊन परत आलो तेव्हा सुभेदार खोकत उतरले. वडिलांनी इंजिन बंद केले आणि नळीकडे बराच वेळ पाहिले.

“मी पहिलेच म्हटलं होतं, वारा गोल फिरते,” गुरुजी म्हणाले. त्यांनी काहीही म्हटले नव्हते.

मला वाटले, झाले. झाले नव्हते. वडिलांनी दोरी सोडली, दार पूर्ण लावून पाहिले, आणि दोन टोपल्या बाहेर उरल्या.

“सोपं हाय,” सुभेदार म्हणाले. “गाडी इकाची गरजच नाही. दार लावून जायचं, अन् या दोन टोपल्या पुढच्या सीटवर.”

पुढच्या सीटवर कोण बसते हे तिथे सर्वांना ठाऊक होते. गाडी वाचवणारा पुरावा मी दिला होता आणि त्याच पुराव्याने माझी जागा वांग्यांना देण्यात येत होती. तीही, मी समोर उभी असताना, सोपी गोष्ट म्हणून.

“टोपल्या टपावर जातीन,” मी म्हटले. “मी सीट सोडणार नाही.”

“वरच्या वाऱ्यानं माल सुकते, पोरी,” सुभेदार म्हणाले.

“वांगी तासाभरात सुकत नाहीत. कोथिंबीर आत ठेवा, वांगी वर, अन् वर ओलं पोतं. ओल्या पोत्याले वारा लागला तं माल थंडच राह्यते. माठातलं पाणी थंड होते तसं. हे तं मिस्त्रीकाकाले ठाऊक हाय, त्यांच्या माठाले ओलं फडकं हायच.”

मिस्त्रीने आपल्या माठाकडे पाहिले. “हाव,” तो म्हणाला. तीन आठवड्यांत माझ्याशी तो प्रथमच सहमत झाला होता, आणि त्याला ते मुळीच आवडले नव्हते.

“भाजी नेऊन राह्यले का मास्तरीण नेऊन राह्यले?” सुभेदारांनी वडिलांना टोमणा मारला.

वडिलांनी एक टोपली उचलून टपावर चढवली. दुसरी मी उचलली. जड होती, पण मी ती कोणाला घेऊ दिली नाही. दोरी आवळता आवळता ते सुभेदारांना म्हणाले, “गुरुवारी गिऱ्हाईक आणशीन तं त्याले मिस्त्रीची जुनी दाखव.”

“माही काऊन?” मिस्त्री ओरडला. “माही इकाची हाय असं कोनं म्हटलं?”

आणि सभा पुन्हा जुनी विरुद्ध नवी या मूळ विषयावर आली. माझे मत अजूनही कोणी विचारले नाही. ते मी इथे नोंदवते: सलग दार ही चांगली रचना आहे, मोठे दिवे आवश्यक आहेत, पुढची जाळी कुरूप आहे, आणि नळीचे तोंड त्या जागी काढणाऱ्याने मागे माल भरणाऱ्या माणसाचा विचार केलेला नव्हता. असे पत्र मी कंपनीलाही लिहिले. उत्तराची सुरुवात ‘प्रिय महोदय’ अशी होती.

सोमवारी सातला निघालो. दार बंद, टपावर ओले पोते, पुढच्या सीटवर मी. मोताळा मागे पडले, मलकापूर जवळ आले, आणि दोघांचीही डोकी हलकी होती. मलकापूरच्या नाक्यापाशी रस्त्यावरची नजर न हलवता वडील म्हणाले,

“नागपूरले ते एम.एस्सी.चं किती वर्षांचं राह्यते?”

“दोन,” मी म्हणाले. “अन् तिथं मी खोली घेऊन राहीन, बाबा.”

त्यांनी गिअर बदलला. नाही म्हटले नाही.