न मावळणारा सूर्य आणि यम्माचं ताट

"जेवण का नाही दिलंस?"

बाबांनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. सोफ्यावर यम्मा बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते. बोलत होत्या, पण शब्द नीट जुळत नव्हते. शीबा सिस्टरने त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर मोजली, मशीनचा आकडा पाहिला आणि ती माझ्यावर ओरडली, "ज्यूस आण! साखर घालून आण!"

मी धावलो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आठवीत शाळा सुटली. कतारमध्ये, दोह्याला लागून असलेल्या मुऐदरला एका कतारी घरात नऊ वर्षं स्वयंपाकी आहे. घरमालकांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. यम्मा त्यांची आई, वय ऐंशीच्या पुढे, बरीच वर्षं डायबिटीस. त्यांच्यासाठी केरळची शीबा सिस्टर घरातच राहते. माझ्यासारख्या माणसाला या घराने सांभाळलं, हात धरून अरबी जेवण शिकवलं. म्हणून जून महिन्यात बाबा म्हणाले, "यल्ला, चल इक्बाल, या वेळी तूही ये, नॉर्वेला. पार उत्तरेला. तिथे रात्र होत नाही," तेव्हा मी अम्मीला लगेच फोन केला.

'रात्र होत नाही' याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता. मोठ्या शहरांबद्दल लोक असं म्हणतातच. रोषणाई, दुकानं उघडी, गजबज. तसंच काही असेल.

तयारी मी जेवणाची केली. तांदूळ, डाळ, सुकं लिंबू, मसाले. मांस आणि दुधाचे पदार्थ त्या देशात बाहेरून नेऊ देत नाहीत, ते बाबांनी आधीच विचारून ठेवलं होतं. हलाल मांस तिथे लांबच्या दुकानात मिळणार होतं. पण मच्छीला तो प्रश्न नाही, आणि मच्छी म्हटली की मी निर्धास्त. समोर समुद्राची खाडी, लाकडी घर, ताजा मासा. वाटलं, सगळं जमलं.

आता माझ्या कामाची एक गोष्ट सांगतो, म्हणजे घोटाळा कळेल. दोह्यातलं आमचं किचन घड्याळावर चालत नाही, अजानवर चालतं. दुपारची नमाज झाली की जेवण. मगरीबची, म्हणजे सूर्य मावळल्याची अजान झाली, यम्मांची नमाज झाली की त्यांचं रात्रीचं ताट. गल्लीतल्या मशिदीचा आवाज किचनच्या खिडकीतून येतो, मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावंच लागत नाही.

सिस्टरचं काम मात्र घड्याळावर. यम्मांची साखर उतरवणारी गोळी जेवणाच्या थोडी आधी द्यायची, आणि मागोमाग जेवण पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर साखर फार खाली जाते. जूनमध्ये दोह्यात मगरीब साडेसहाच्या आसपास, म्हणून ती सव्वासहाला गोळी देते. गोळी, अजान, नमाज, ताट. कधी एकमेकांना विचारायची वेळच आली नव्हती.

नॉर्वेत पहिल्या दिवशी प्रवासातून आलो तसे जेवलो आणि पडदे ओढून झोपलो. दुसऱ्या दिवशी सिस्टरने तिथल्या घड्याळाप्रमाणे सव्वासहाला गोळी दिली. मी मासा तळून, भात झाकून, मगरीबची वाट बघत बसलो. नमाजाच्या वेळा दाखवणारं मोबाईलमधलं ॲप उघडलं, तर मगरीबच्या जागी नुसत्या रेघा. म्हटलं, नेट गेलं असेल. बाहेर पाच वाजल्यासारखं ऊन.

सातला मी आत डोकावलो. "यम्मा, ताट आणू?"

"सूर्य वर आहे अजून. हे काय रात्रीचं जेवण? चहा दे."

बिनसाखरेचा चहा दिला. साडेसातपर्यंत ऊन तसंच, आणि मग सिस्टरची हाक आली.

ज्यूस पोटात गेल्यावर वीस मिनिटांनी यम्मा ताळ्यावर आल्या. मला म्हणाल्या, "भात करपवलास काय? तोंड असं का केलंस?" मला रडूच आलं.

बाबांनी आम्हा दोघांना किचनमध्ये बोलावलं. "चूक कोणाची?"

सिस्टर खाली बघत होती. तिची दोन मुलं गावी शिकतात. मला घरी पाठवलं तर माझं काय, तेही डोक्यात होतंच. पण गोळी तिने वेळेवरच दिली होती.

"ताट माझं होतं, बाबा. मी मगरीबची वाट बघत होतो."

"मगरीब?" बाबा खिडकीकडे बघत राहिले. "अरे, उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही इथे. तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, लाइट असतील."

बाबा एकदम हसले आणि मग डोक्याला हात लावून बसले. "मी विमान, गाडी, गरम कपडे, सगळं बघितलं. आईच्या नमाजाचं कोणाला विचारलं नाही."

त्यांनी गावातल्या छोट्या मशिदीत फोन केला. तिथले लोक म्हणाले, आम्ही या महिन्यांत मक्केच्या वेळा पाळतो. मक्केत सातला मगरीब, तर इथल्या घड्याळातही सातला. सिस्टरने लगेच गोळीची वेळ पावणेसात लिहून घेतली. पण यम्मांना पटणं बाकी होतं.

"मक्केचं नाव घेता म्हणून ऐकते," त्या म्हणाल्या. "पण उन्हात बसून रात्रीचं जेवण मला गिळवणार नाही."

हे मात्र माझ्या हातातलं काम होतं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी जाड पडदे ओढले, एक दिवा लावला. आधी किचनमध्ये सिस्टरला तयार ताट दाखवलं, मगच तिने गोळी काढली. सातला मोबाईलवर अजान लावली. यम्मांनी नमाज पढली, आणि मासा काटे काढून पूर्ण संपवला. उरलेले आठही दिवस असंच केलं. एकदाही साखर तशी खाली गेली नाही.

घरी कोणालाच पाठवलं नाही. परदेशी स्वयंपाकाला जाणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो की मसाले नंतर भरा, आधी तिथे दिवस केवढा ते विचारा, आणि गोळ्या देणाऱ्याबरोबर बसून जेवणाच्या वेळा लिहून काढा.

परवा बाबा म्हणाले, डिसेंबरमध्ये पुन्हा तिकडेच जाऊ, तेव्हा सूर्य उगवतच नाही. मी तडक सिस्टरला शोधायला गेलो. ती वही घेऊन मलाच शोधत होती.