सत्तावन्नाव्या वर्षी पालकाची सही

आमच्या सकाळच्या कॉलेजचं एक आहे. अभ्यास कितीही करा, पेपरात आठवत नाही. आणि किस्से विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. दोन वर्षांत इतके साठलेत ना, की वेगळी वही करायला हवी यार!

वर्ग विशीतल्या पोरांचा. त्यात आम्ही तीन थोराड. दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी मी, पोळीभाजीचे डबे देणारी शैला आणि वाकोल्याचे कांबळेकाका. काका सिक्युरिटी सुपरवायझर, वय सत्तावन्न. नाइट ड्युटी संपली की थेट पार्ल्याला वर्गात! मरायच्या आत बी.ए. व्हायचंच, हा त्यांचा हट्ट.

*

पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमननं मला अडवलं. "ताई, पालकसभा शनिवारी आहे!"

मी आयकार्ड शोधतेय तोवर मागून काका आले. वॉचमननं खाडकन सलाम ठोकला! पूर्वी त्यांच्या हाताखाली होता तो. पोरांना वाटलं, ट्रस्टी आले. त्यांच्याशेजारी बसायला कुणी धजेना, म्हणून मागचा अख्खा बाक काकांना मिळाला. झोपायची झकास सोय झाली!

*

पहिल्या परीक्षेचे पेपर वाटताना मराठीच्या मॅडमनी काकांचा पेपर हातात धरला आणि त्यांना हसू आवरेना. वीस वर्षं ड्युटीचं रजिस्टर लिहिलेला हात तो! प्रत्येक उत्तराखाली नोंद होती : "सुरुवात १०.४०. समाप्त ११.०५. संशयास्पद काही आढळले नाही." खाली सही.

"काका, मला तर बरंच आढळलं!" मॅडम म्हणाल्या.

*

तोंडी परीक्षेला माझा पहिला नंबर. सुटले एकदाची, म्हणून बाहेर पडतेय तर सर म्हणाले, "पुढच्याला पाठवा." मी सवयीनं कॉरिडॉरभर ओरडले, "नेक्स्ट पेशंट!"

कोपऱ्यात एक पोरगा पांढराफटक पडला होता. निमूट उठला आणि म्हणाला, "मीच, ताई."

*

शैलाची फी दिवाळीच्या लाडवांवर निघते. निम्मी ऑर्डर स्टाफरूमचीच. एकदा मॅडमनी निबंधाला मार्क कमी दिले. ही बया सरळ विचारते, "मॅडम, चार किलो बेसन भाजलं तुमच्यासाठी. एक तरी गुठळी निघाली का?"

"नाही गं."

"मग? निबंधात पण नव्हती!"

मार्क वाढले नाहीत. ऑर्डर मात्र वाढली.

*

तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर काकांची नोकरी गेली. दोन महिन्यांनी दुसरी लागली, पण एकरकमी फी भरणं शक्यच नव्हतं. त्यांनी हप्त्यांसाठी अर्ज केला. तो मंजूर झाला नाही तर वर्ष जाणार, आणि एकदा सुटलं की काका परत येणार नाहीत, हे आम्हाला दिसत होतं. शेवटच्या तारखेला शैला आणि मी त्यांच्यासोबत फीच्या खिडकीवर उभ्या.

क्लार्क म्हणाला, "पालकाची सही नाही."

"अहो, मी सत्तावन्नचा!"

"रकाना आहे ना फॉर्ममध्ये? मग सही पाहिजे."

मी भांडायला पदर खोचला. पण काका सरळ रिक्षात बसले आणि तासाभरात आईला घेऊन हजर! ऐंशी ओलांडलेल्या आजी, पण ताठ. क्लार्कनं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. आजींनी तो मागे सारला.

"सही येते मला. पोरानंच शिकवली."

एकेक अक्षर सावकाश काढलं त्यांनी. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! क्लार्कनं मंजुरीचा शिक्का मारला.

तेवढ्यात मॅडम तिथून चालल्या होत्या. आजींनी त्यांना गाठलं. "बाई, पोरगा कसा आहे अभ्यासात?"

"हुशार आहेत हो. पण मागच्या बाकावर डुलक्या काढतात."

आजी गर्रकन वळल्या. "उद्यापासून पुढं बसायचं!"

"हो, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका पहिल्या बाकावर. डोक्याला चपचपीत तेल, मधोमध भांग.